टप्पा तीन

"सर, इथे सातव्या पानावर माझ्या आईचं नाव आहे," यवतमाळहून पुण्याला बैठकीसाठी आलेली कोलाम शिक्षिका म्हणाली. "आईला जाऊन दोन वर्षं झाली."

चहाचा कप ठेवून मी ते पान काढलं. कोलामी या त्यांच्या आदिवासी भाषेत बोललेलं फोनला कळावं, यासाठीचा तो पाच वर्षांचा आराखडा होता. विद्यापीठ, सरकारी खातं, कंपन्या, गावकरी, असे आम्ही सगळे एकत्र बसून तो नक्की करणार होतो. चौथ्यांदा. दर वेळी मंजुरी अडली, की मी जुनीच फाइल उघडायचो, सालं बदलायचो आणि पुन्हा बैठक बोलवायचो. याही वेळी सालं तेवढी बदलली. 'भाषक प्रतिनिधी: मैनाबाई टेकाम' ही ओळ तशीच राहिली.

"चुकलंच. आत्ता तुमचं नाव घालतो," मी म्हणालो. नीट माफी मागायचंही त्राण उरलं नव्हतं.

"नावाचं राहू द्या. टप्पा तीनमध्ये आईचा आवाज रेकॉर्ड करायचा, असं लिहिलंय. तो द्याल मला? घरी कुणाकडेच नाही. ती सांगायची, पुण्याच्या साहेबांकडे तीनदा दिवसभर बोलून आले म्हणून."

बोलल्या होत्या. पेरणीची गाणीसुद्धा म्हणाल्या होत्या. आम्ही टाळ्या वाजवल्या. पण रेकॉर्डिंग होतं टप्पा तीनमध्ये, आणि आम्ही टप्पा एकच्या, म्हणजे बैठका आणि मंजुरीच्या, पुढे कधी गेलोच नव्हतो.

मी लॅपटॉप उघडून शोधलं. मैनाबाईंचे तीन ग्रुप फोटो सापडले.

तिन्ही फोटोंत त्या काहीतरी बोलत होत्या.