न मोडलेला हात

"दुखतंय का?" प्लास्टर बांधणाऱ्या मामांनी सवयीने विचारलं.

"नाही," मुलगा म्हणाला आणि त्याने वडिलांकडे पाहिलं. "दुखायला हवंय का?"

वडील हसले. मामांना हसू आलं नाही. सकाळपासून अकरा हातपाय प्लास्टरमध्ये बांधून त्यांची कंबर धरली होती. ओपीडी संपून तास झाला होता, आणि आता टेबलावर हा बारावा हात येऊन पडला होता. उजवा, धडधाकट, टेनिस खेळून कमावलेला. एक्स-रेच्या पाकिटात मोडकं मनगट होतं खरं, पण ते शिडीवरून पडलेल्या एका रंगाऱ्याचं. मामांनीच ते महिन्यापूर्वी बांधलं होतं. माणसांचे चेहरे ते विसरत, मोडलेली हाडं नाही.

"कोपराखालून बोटांच्या पेरांपर्यंत घ्या, मामा," डॉक्टर दारातून म्हणाले. "पेन धरता येता कामा नये."

रविवारी कॉलेजच्या प्रवेशाची परीक्षा होती. ज्याचा हात मोडलाय त्याला लेखनिक मिळतो. परीक्षार्थीने सांगायचं, लेखनिकाने लिहायचं, वर तासभर वेळ जास्त. या मुलाला सांगायचीही तसदी नव्हती. लेखनिक वडिलांनीच शोधून ठेवला होता आणि त्याचं गणित म्हणे फार पक्कं होतं.

मामांनी कापूस गुंडाळला. प्लास्टरचा रोल बादलीत सोडला, बुडबुडे थांबेपर्यंत वाट पाहिली, पिळला आणि गुंडाळायला घेतला.

"आता गरम लागेल. घाबरू नकोस."

"काका, खाज सुटली तर?"

"सुटणारच," मामा म्हणाले. "आत काही खुपसायचं नाही. सोसायची."

हे ते सगळ्यांनाच सांगत. ज्यांचं काही मोडलेलं असे ते मुकाट्याने मान डोलवत. या मुलाने तोंड वाकडं केलं.

प्लास्टर धरलं तसा मामांनी खिशातला निळा मार्कर काढून त्यावर तारीख घातली, अठरा. काढणाऱ्याला कळावं म्हणून तारीख घालायची, ही त्यांची तीस वर्षांची सवय. आज ती मुद्दाम घातली की हात आपोआप चालला, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

"अहो मामा, अठरा काय!" डॉक्टर पुढे आले. "तीन हवी. तीन तारखेला जिन्यावरून पडलाय तो. सर्टिफिकेटवर तसं लिहिलंय मी. लेखनिकाच्या अर्जाची मुदत दहालाच संपली."

"अर्ज आम्ही पाचलाच दिलाय," वडील समजुतीने म्हणाले. "हात तेवढा राहिला होता."

"वरून एक पट्टी मारा आणि तीन घाला," डॉक्टर म्हणाले.

मामा दुसरा रोल घ्यायला वळले. कपाट उघडून उगाच थोडा वेळ उभे राहिले. मागच्या वर्षी याच परीक्षेच्या चार दिवस आधी त्यांची मुलगी सायकलवरून पडली होती. तिचाही उजवाच हात. याच टेबलावर त्यांनी तो बांधला. परीक्षेच्या कार्यालयात खिडकीतला माणूस म्हणाला, अर्जाची मुदत दहा तारखेला संपली. हात चौदाला मोडला तर दहाला अर्ज कसा करायचा, हे त्याला विचारून उपयोग नव्हता. मग मामा डॉक्टरांपुढे उभे राहिले. तीस वर्षांत काही मागितलं नव्हतं, ते मागितलं. हात खरोखरच मोडलाय, साहेब, फक्त तारीख पाच दिवस मागची घाला. डॉक्टर म्हणाले होते, "मामा, तारीख म्हणजे तारीख. खोटं मी लिहीत नाही."

पोरीने डाव्या हाताने पेपर लिहिला. निम्मा कोरा राहिला. या रविवारी ती पुन्हा बसणार होती, आणि गेले वर्षभर घरात रेडिओसुद्धा लागला नव्हता.

मामांनी वरून पट्टी मारली. कडा तळव्याने गुळगुळीत केल्या, खरोखर मोडलेल्या हाताच्या कराव्यात तशाच. अठरा तारीख आत गेली. मग त्यांनी मार्करचं टोपण काढलं, थांबले, पुन्हा लावलं आणि मार्कर डॉक्टरांपुढे धरला.

"साहेब, माझा हात चालत नाही. लेखनिक मिळेल का?"

वडिलांनी घड्याळात पाहिलं. मुलगा मात्र प्लास्टर सोडून पहिल्यांदाच मामांकडे बघू लागला.

"दोन वर्षं राहिलीत ना तुमच्या रिटायरमेंटला?" डॉक्टर हळू आवाजात म्हणाले.

"हो, साहेब. तारीख पाठ आहे मला."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, हे मामांना कळत होतं. घरी बायको काय म्हणेल तेही कळत होतं. पण पुढे केलेला हात मागे घ्यायचंही त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं. तो तसाच राहिला. आता तर तो खरंच दुखायला लागला होता.

अखेर डॉक्टरांनी मार्कर घेतला आणि ओल्या प्लास्टरवर वाकले.

त्यांचं अक्षर औषधाच्या दुकानात कधी कुणाला लागत नाही. तीन तारीख मात्र त्यांनी अगदी सुवाच्य लिहिली.