बारमाही बचत

मे महिन्यात मुलीला बघायला आलेली मंडळी कोचावर टेकली आणि मुकुंदरावांनी पंखा बंद केला. “खिडकीतून छान झुळूक येते,” ते म्हणाले. पडदा जागचा हलला नाही.

सुलभाताई शरमल्या. थंडीत गिझर, पावसाळ्यात इस्त्री, उन्हाळ्यात पंखा; नवऱ्याची ही वीजबचत त्यांनी तीस वर्षं सोसली होती. आता तिच्यापायी लेकीचं स्थळ हातचं जाणार होतं.

पण मुलाचे वडील घाम पुसत खुलले. “वा, आमच्याकडे तर हिवाळ्यात फ्रीजही बंद असतो.”

“लॅपटॉप मी ऑफिसातच चार्ज करतो,” मुलानं भर घातली.

मुकुंदरावांना व्याही नव्हे, सख्खा भाऊच भेटला. सुलभाताई स्वयंपाकघरात आल्या.

“चहाचा ट्रे ठेव खाली,” त्या लेकीला म्हणाल्या. “मी तीस वर्षं उकडून निघाले, तेवढं पुरे.”