दुपारी एक ते तीन

रामरावांनी आपल्या मोबाईलची नोंद सर्वेक्षणाला द्यायला खुशाल होकार दिला, आणि आत चहाचं आधण ठेवणाऱ्या त्यांच्या बायकोने, गिरिजाबाईंनी, गॅस बारीक करून बाहेर कान दिला.

मोबाईल कोण किती वापरतं याच्या सर्वेक्षणासाठी जालन्याच्या कॉलेजातून वाटूरला आलेली सुमेधा ओसरीवर बसली होती. आधी तोंडी प्रश्न, मग मोबाईलमधली महिन्याभराची नोंद, आणि शेवटी दोन्हींचा मेळ. नाव कुठे जाणार नव्हतं. रामरावांनी तोंडी सांगून टाकलं होतं, "दिवसातून अर्धा तास. सोयाबीनचा भाव बघतो, बस. आपल्याला बिलकुल नाद न्हाई."

सुमेधा नोंद चाळू लागली. "काका, रोज दुपारी एक ते तीन व्हिडिओ चालू आहेत."

"तवा मी झोपेल असतो. अख्ख्या गावाला म्हाईत हाय."

ते खरंच होतं. त्या दोन तासांत रामरावांना उठवायची कुणाची टाप नव्हती. घोरणं ऐकूनच माणसं परत फिरत.

"'स्कूटी शिका, भाग अकरा'," सुमेधाने वाचलं.

रामराव खो खो हसले. "मशीनच येडी दिसती तुमची."

दारात आलेल्या गिरिजाबाई कानकोंड्या झाल्या. लेक आकांक्षा नोकरीला पुण्याला गेल्यापासून तिची स्कूटी अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. पन्नाशी उलटलेल्या बाईने ती चालवत परतूरच्या बाजाराला जायचं मनात घेतलंय, हे कळलं तर आधी नवरा हसेल, मग गल्ली.

सुमेधाने त्यांच्याकडे पाहिलं, आणि पोरीला काय ते उमगलं. "काका, नोंद देण्याआधी तिच्यातल्या नको त्या ओळी काढता येतात. काढून टाकू?"

"काढ. माझं न्हाईच ते."

सुटका आपसूक चालून आली होती. नेमका तेव्हाच गिरिजाबाईंना राग आला. महिनाभर जीव मुठीत धरून शिकलेलं सगळं एका बोटाने पुसलं जाणार होतं.

"काढू नको, बाई," त्या म्हणाल्या. "माझं हाय ते. अन् चौदा भाग झालेत, अकरा न्हाई."

रामरावांचं हसू थांबलं. सुमेधाने मान खाली घालून फॉर्मवर 'वापरणारे' या रकान्यात एकाचे दोन केले.

"चालवून बघितली का?" रामरावांनी विचारलं.

"कशी बघू? पडले मंजे?"

"मंग मला उठवायचं की," रामराव म्हणाले. "मागून धराया कुनीतरी लागतंच."