एकविसावा दिवस

खुब्याच्या ऑपरेशनात निघालेला हाडाचा तुकडा आईने लेकीच्या प्रयोगशाळेला देऊन टाकला. “तुमच्यासाठी हाडाची काडं केली, आता उरलंसुरलंही ने,” म्हणत सही ठोकली. लेकीने त्यातल्या पेशी बशीत वाढवल्या. निम्म्यांना माशाच्या कातडीतल्या कोलॅजेन या प्रथिनाचे बारीक तुकडे, म्हणजे पेप्टाइड, घातले. त्याने नवं हाड लवकर बनतं का, पाहायचं होतं. लेक अंग पुसायला बसली की अंथरुणाला खिळलेली आई विचारायची, “झालं का गं माझं हाड?” प्रयोगाच्या बाराव्या दिवशी ती गेली. आज एकविसावा. हाड झालं का, ते लाल रंग टाकल्यावर दिसतं. पण त्याआधी पेशी मारणारं थंड द्रावण ओतावं लागतं. “मी ओतू का?” प्रयोगशाळेतल्या सरांनी विचारलं. “नको.” बशीत आई अजून जिवंत होती. बाटली उघडत लेक, अंग पुसताना म्हणायची तसंच, म्हणाली, “जरा गार लागेल हं, आई.”