मागच्या काचेवरचा स्टिकर

आमच्या तरुणपणी न्यूकॅसलमध्ये गावच्या रॉक रेडिओ स्टेशनचा स्टिकर गाडीच्या मागच्या काचेवर लावायचा रिवाज होता. तो दिसला की स्टेशनवाले भर रस्त्यात गाडी थांबवून बक्षीस द्यायचे. सगळ्या मित्रांना कॉन्सर्टची तिकिटं मिळाली, मी तेवढा कोरडा राहिलो. गाड्या बदलल्या, पण स्टिकर काही सोडला नाही.

"साठी उलटली, आता तरी खरवडून टाक तो," बायको नोलीन म्हणायची.

"ज्याला धीर त्याला खीर, बाईसाहेब."

काल खरंच स्टेशनच्या गाडीने मागून दिवे मारले. मी पोट आत ओढून, उरलेले केस सारखे करून उतरलो. एका हसऱ्या पोरीने पाकीट हातात ठेवलं. "अभिनंदन काका, आजचे विजेते तुम्हीच."



आत श्रवणयंत्राच्या दुकानाचं कूपन होतं: कानांची तपासणी मोफत, जोडीने आल्यास बायकोचीही.