प्रूफचा शिक्का

"तुमची हरकत असेल तर मी त्यांना बाहेर जायला सांगते. हॉटेल माझं आहे, तेवढा हक्क मला आहे." मालकीणबाई फ्राउ हुबर नागेश बोंद्रेच्या टेबलाशी येऊन हलक्या आवाजात म्हणाल्या. विचारायला दुसरं टेबल उरलंच नव्हतं. दोन म्हातारी जोडपी कॉफी अर्धवट टाकून मघाशीच निघून गेली होती.

खिडकीजवळ पाच पुरुष बिअर पीत बसले होते. पाचांच्याही खांद्याला रायफली.

"खोट्या आहेत. हुबेहूब नकला," फ्राउ हुबर म्हणाल्या. "नवा कायदा येतोय ना, मंगळवारपासून या अशा उघड्यावर घेऊन फिरायला बंदी. तिचा निषेध म्हणून आलेत. सभा भरवली तर पोलीस अडवतील, म्हणून म्हणे जेवायला आलोय."

२००८च्या मार्चमधला शेवटचा रविवार होता. जर्मनीतल्या इंगोलश्टाटपासून वीस मिनिटांवरच्या या खेड्यात नागेश भारतातून भेटीला आलेल्या वडिलांना जेवायला घेऊन आला होता. बरोबर बायको सुकन्या आणि आठ वर्षांची वल्लरी. वल्लरीला मराठी सगळं कळायचं. बोलायची मात्र जर्मनमध्येच. आता ती आईच्या बाहीला धरून त्याच भाषेत म्हणत होती, "घरी जाऊ या. आत्ता."

नागेश तोंड उघडणार तोच त्या पाचांतला एकजण वळला. "मिस्टर बोंद्रे! तुम्ही इथं?"

आइखिंगर. नागेशचा विभागप्रमुख. नागेशचा करार एप्रिलअखेर संपत होता. मुदतवाढीच्या कागदावर आइखिंगरची सही गुरुवारी व्हायची होती. ती झाली नाही तर नोकरी जाणार आणि नोकरीपाठोपाठ तिघांचा या देशातला मुक्काम.

"आमची काही हरकत नाही," नागेश फ्राउ हुबरना म्हणाला. खिडकीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात.

"अरे, पोरगी बघ ना कशी थरथरतेय," सुकन्या पुटपुटली.

"दहा मिनिटं. बॉस आहे माझा."

आइखिंगर ग्लास हातात घेऊनच टेबलाशी आला. मागून त्याचा एक मित्र ओरडला, "घाबरू नका हो! तुमच्याकडे तर रस्त्यात वाघ फिरतात!" पाचही जण हसले. नागेशही हसला. मग काहीतरी बोलायला हवं म्हणून त्यानं वडिलांकडे हात केला. "माझे वडील. कानपूरच्या सरकारी बंदूक कारखान्यात तीस वर्षं तपासनीस होते."

"काय सांगता! म्हणजे तज्ज्ञच." आइखिंगरनं मित्रांकडे बघून डोळा मिचकावला, खांद्यावरची रायफल उतरवली आणि म्हाताऱ्याच्या हातात दिली. "बघू द्या त्यांना. आवडेल."

बाबांनी आधी नळी जमिनीकडे वळवली. चष्मा कपाळावर चढवला. वजन हातात तोललं, नळीच्या बुडाशी अंगठा फिरवला, तो एका जागी थांबवला आणि तिथं वाकून पाहिलं.

"नागेश, ही खरी आहे."

"बाबा, नक्कल आहे ती."

"अरे, प्रूफचा शिक्का आहे हा. हा बारीक गरुड दिसतोय ना? गोळी झाडून नळी तपासल्याशिवाय असा शिक्का मारत नाहीत. मी काय भाजी निवडत होतो तिथं तीस वर्षं? घाईत चुकून घरातली खरीच उचलून आणली असेल बिचाऱ्यानं. सांग त्याला. लहान मूल बसलंय इथं."

"काय म्हणतात?" आइखिंगरनं विचारलं.

"म्हणतात, काम फार सुबक आहे."

"नाही," वल्लरी म्हणाली. स्पष्ट, वर्गात उत्तर द्यावं तशा जर्मनमध्ये. "आजोबा म्हणाले, ही खरी आहे."

खिडकीजवळचं हसू थांबलं. आइखिंगरनं रायफल बाबांच्या हातातून काढून घेतली. तळहात नळीच्या बुडाशी ठेवला आणि तो तिथून हलवला नाही. त्याचे कान लाल झाले होते.

फ्राउ हुबरनी नागेशकडे पाहिलं. "खरंच असं म्हणाले ते? तसं असेल तर मला पोलिसांना फोन करावा लागेल."

नागेशनं सुकन्याकडे पाहिलं. सुकन्या काट्यानं प्लेटमधले बटाटे एका बाजूला सारत होती.

"बाबा म्हणाले, अगदी खऱ्यासारखी आहे," तो म्हणाला. "मुलगी इथंच वाढली. तिला मराठी कळत नाही."

आइखिंगर वल्लरीच्या खुर्चीपाशी वाकला. आवाज गोड करून म्हणाला, "आजोबा बोलतात ते तुला कळतं का गं?"

वल्लरीनं वडिलांकडे पाहिलं. नागेशनं मान किंचित हलवली. आडवी.

"नाइन," ती म्हणाली. नाही.

फ्राउ हुबर रिकामे ग्लास उचलून आत गेल्या. आइखिंगरनं रायफल पुन्हा खांद्याला अडकवली आणि नागेशच्या पाठीवर थाप मारली. "गुरुवारी नऊला या. पाच मिनिटांचं काम आहे."

"सांगितलंस ना रे त्याला?" बाबांनी विचारलं.

"सांगितलं, बाबा. जेवा तुम्ही."

बाबांचं समाधान झालं नाही. ते नातीकडे झुकले. "बाळा, काय विचारत होता गं तो तुला?"

वल्लरी त्यांच्याकडे बघत राहिली. चेहऱ्यावरची रेघही हलली नाही.

बाबांना वाटलं, आपलं बोलणं तिच्यापर्यंत पोचलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, या वेळी सावकाश, एकेक शब्द सुटा करून, हातवारे करत, परमुलखातल्या अनोळखी माणसाला रस्ता विचारावा तसं.