आत्यासमोरचं वाचन

दारावरची बेल वाजली तेव्हा शर्वाणीने पुस्तक नुकतंच उघडलं होतं. तिच्या आईचं, सुनेत्राचं, डोकंच फिरलं. गौरी-गणपती, दसरा, नणंदेकडचा साखरपुडा, सगळ्यांनी मिळून पाच रविवार खाल्ले होते. अकरा वर्षांची शर्वाणी बोलताना अडखळायची. दर रविवारी आईबाबांसमोर मोठ्याने वाचायला लागल्यापासून कुठे ती जरा मोकळी होत होती.

दारात नणंद उभी होती.

"तूच बोलावलंस ना?" सुनेत्राने नवऱ्याला दबक्या आवाजात विचारलं.

"अगं, दिवाळी आहे. वाचन काय, पुढच्या रविवारी करू."

"प्रत्येक सणाला हेच म्हणतोस!"

शर्वाणीने मात्र पुस्तक मिटलं नाही. "आत्या, बस ना. माझं वाचन चाललंय," म्हणत ती वाचू लागली. तिसऱ्याच ओळीत अडली. "बं... बं..."

"बंदरावर!" आत्याने शब्द पुरवला. पुढे "दोरखंड" पुरवला. त्याच्यापुढे "काळोख".

"वन्सं, पुरे!" सुनेत्रा ताडकन उठली. "तिचं ती म्हणेल."

आत्याचा चेहरा पडला. नवरा खाली बघू लागला. शर्वाणीने खोल श्वास घेतला. "का... का..." आत्याने ओठ घट्ट मिटून घेतले. बऱ्याच वेळाने तिने "काळोख" म्हटलं आणि पान उलटलं.

"अजून आ... आठ पानं आहेत, आत्या," ती म्हणाली. "सगळी मीच वाचणार."